संडरलँडचा पांढरा रंग

८ जानेवारी

नाताळात रुथने ही वही दिली. "आई, विसरतेस ते लिहून ठेवत जा," म्हणाली. मी काहीही विसरत नाही. पण कागद चांगला आहे आणि चांगला कागद कोरा पडलेला मला बघवत नाही, म्हणून लिहिते.

लिहिण्यासारखं आजच घडलं. गावच्या हॉलमध्ये युद्धाच्या आठवणींची एक खोली करायची ठरलंय. इथे उत्तर आयर्लंडात, आमच्या या अर्न सरोवरावरून तेव्हा उडत्या बोटी उठायच्या, जर्मन पाणबुड्या शोधत अटलांटिकवर जायच्या आणि परत येऊन पाण्यावरच उतरायच्या. त्यातल्या एकीचं, संडरलँड जातीच्या बोटीचं, मॉडेल करायचं, मूळ मापाच्या चोविसाव्या हिश्श्याचं. म्हणजे लांबी साडेतीन फूट आणि पंखांचा पसारा पाच फुटांना थोडा कमी. उद्घाटन १८ मे. हॉलच्या समितीने काम माझ्याकडे दिलं. सांगाडा मॅलकी कॉरिगन करणार. तो बोटी बांधणारा सुतार, आता निवृत्त, खाडीपलीकडे राहतो. वरचं पातळ लाकडाचं कातडं, आतलं सामान आणि रंग माझा.

बावन्न वर्षं मी या सरोवरातल्या बोटींवर नावं घातली आणि चार गावांतल्या दुकानांच्या पाट्या रंगवल्या. पांढरा बघावा तर मर्टल बीकमचा, असं लोक म्हणतात. खोटं कशाला लिहू, मीही म्हणते.

आणि त्या बोटी मी स्वतः पाहिल्यात. पाच वर्षांची होते. पाठ करडी, बाकी सगळं अंग पांढरं. तसा पांढरा पुन्हा पाहिला नाही. या मॉडेलवर तो आणून दाखवायचा, एवढंच माझ्या मनात आहे.

१५ जानेवारी

मॅलकीने फासळ्या कापून आणल्या. बोटीच्या पोटाला मधोमध एक पायरी आहे, जिन्याला असते तशी. मी म्हटलं, "तुझी करवत घसरली की काय?"

"नकाशात आहे. ही नसेल तर बोट पाण्यातून सुटतच नाही. पाणी तिला धरून ठेवतं."

"पाणी कसलं धरतंय? पाण्याला काय हात असतात?"

"मला विचारू नकोस. मी सुतार आहे."

तो गेल्यावर मला चैन पडेना. नळ सोडला आणि डावाची गोल पाठ धारेजवळ नेली. वाटलं, धार त्याला बाजूला ढकलेल. उलट तिने डाव आत ओढून घेतला. वीस वेळा करून पाहिलं. मग डावाच्या पाठीवर लाकडाचा तुकडा चिकटवून पायरी केली, तर धार तिथून उडून गेली आणि डाव मोकळा. एकोणऐंशी वर्षं भांडी घासतेय, हे कधी लक्षात आलं नव्हतं. मॅलकीला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, "मर्टल, माझं जेवण चाललंय."

३० जानेवारी

मोटारीच्या परवान्याचा फॉर्म आला. सत्तरीनंतर दर तीन वर्षांनी येतो. वीस मीटरवरून नंबर प्लेट वाचता येते का, असं विचारलंय. मॅलकीची गाडी फाटकापाशी उभी होती. खिडकीतून तिची प्लेट घडाघडा वाचली आणि सही ठोकून दिली. अकरा वर्षं तीच गाडी वापरतोय तो.

१२ फेब्रुवारी

बोटीत दोन मजले आहेत. खाली झोपायच्या फळ्या, एक संडास आणि चक्क स्वयंपाकघर. बारा-तेरा तास उडायचे, तेव्हा बटाटे सोलणं, अंडी तळणं सगळं हवेतच चालायचं. मला हे फार आवडलं. दोन स्टोव्ह, किटली आणि तवा करायला घेतले. मॅलकी म्हणतो, एकदा कातडं चढलं की हे कुणाला दिसणार. मी म्हटलं, तुझं आतडं कुणाला दिसतं, तरी देवाने घातलंच ना.

तवा मात्र जमला नाही. चिमटा निकामी झालाय, पकडतो एक आणि सोडतो भलतंच. नव्या दिव्याभोवतीही धुरकट कडं दिसतं. दुकानदाराने जुना माल गळ्यात मारला असणार.

फाटकाचा डावा खांब कुणीतरी वाकवलाय. माझ्या गाडीलाही त्याच उंचीवर ओरखडा आहे, म्हणजे जो कोणी आहे त्याने दोन्हीचं नुकसान केलं.

२८ फेब्रुवारी

कातडं चढवलं, फटींत लांबी भरली, घासून घासून पोट काचेसारखं केलं. अस्तराचा हात कालच वाळला होता. आज पांढऱ्याला सुरुवात.

डबा उघडला तर आत चक्क साय. पिवळट. कंपनीला पत्र लिहायचं मनात आहे. निर्भेळ पांढरा असा डब्यात मिळतच नाही म्हणा. आमच्या धंद्यात पांढऱ्यात निळ्याचा एक थेंब टाकतात, म्हणजे त्याचा पिवळेपणा मरतो. कपड्यांना नीळ घालायची तीच गोष्ट. वडिलांनी मला नऊ वर्षांची असताना शिकवली. मी एक थेंब टाकला. फरक पडला नाही. दुसरा टाकला. पूर्वी एका थेंबात भागायचं, हल्लीच्या रंगांत काही जीव राहिला नाही.

९ मार्च

बर्फ पडला. शेजारच्या शेतातला तर मळका दिसतोय, त्याने खत टाकलं असणार. दुसरा हात दिला. डब्यात सात थेंब.

रुथ येऊन गेली. वाळत घातलेल्या चादरी बघून म्हणाली, "आई, यांच्यावर शाई सांडली का गं?" मी म्हटलं, तुझ्या पिढीने स्वच्छ चादर पाहिलीच नाही. ती काहीतरी बोलणार होती, मग तिने चहा टाकला.

१९ मार्च

आज भांडण झालं. जसं झालं तसं लिहिते.

मॅलकी इंजिनांचे पंखे घेऊन आला. शेडच्या दारातच थांबला. मी विचारलं, "काय रे?"

"वाईट वाटून घेऊ नकोस, मर्टल. ही निळी आहे."

"काय निळं आहे?"

"बोट. सगळी. आभाळासारखी निळी."

"तू जन्मभर बोटींना तपकिरी वॉर्निश फासलंस. तुला पांढऱ्यातलं काय कळतं?"

"कळत नाही. पण निळं कळतं." त्याने टोपी काढून हातात घेतली. "हे बघ, मी सांगितलं नाही तर दुसरं कुणी सांगणार नाही. समितीवाले येतील, तुझा केक खातील, छान झालीय म्हणतील आणि घरी जाऊन हसतील. तुझ्यावर लोकांनी हसलेलं मला चालणार नाही."

त्या शेवटच्या वाक्याने माझं डोकं फिरलं. मी कुणाच्या दयेवर जगत नाही. म्हटलं, "माझ्या शेडमधून चालता हो." त्याने पंखे बाकावर नीट ओळीत मांडले, टोपी घातली आणि गेला. चारी पंखे उत्तम झालेत, त्याचाही राग आला.

२६ मार्च

मॅलकीचा फोन नाही. आपण होऊन मीही करणार नाही.

९ एप्रिल

आज माझा विजय झाला.

मला सुचलं, जिने हे काम केलं तिलाच का विचारू नये? मिसेस गॉल्ट शहाण्णव वर्षांच्या आहेत. युद्धात त्या सरोवराकाठच्या रंगाच्या शेडमध्ये होत्या, या बोटींना त्यांनी हाताने रंग दिलाय. त्या काळची आता त्या एकट्याच उरल्यात. मी शेपटाचं रंगवलेलं पातं, अजून चिकटवलं नव्हतं ते, टॉवेलात गुंडाळून त्यांच्याकडे गाडीने नेलं.

खोलीत पडदे ओढलेले. उजेड टोचतो म्हणतात. मलाही हल्ली टोचतो, यंदा उन्हाळा लवकर आलाय. त्यांनी मला चहा ओतून दिला, निम्मा बशीत. मग पातं दोन्ही हातांत धरून नाकापाशी नेलं.

"हाच तो," त्या म्हणाल्या. "अगदी हाच. तू कुठून आणलास गं, पोरी?"

"मॅलकी कॉरिगन म्हणतो निळा आहे."

"कॉरिगन? त्याच्या आजोबांनाही स्वतःचं तेच खरं वाटायचं." मग बराच वेळ पात्यावरून बोट फिरवत राहिल्या. शिडीवर चढायच्या, थंडीने ब्रश हाताला चिकटायचा, आणि एकदा एक बोट पहाटे गेली ती परत आलीच नाही; तिचा रंग ओला होता, म्हणाल्या. "मी त्यांना म्हटलंसुद्धा, अजून वाळली नाही." मी त्यांची बशी पुसली.

येताना वळणावर एक सायकलवाला अचानक उगवला. कसाबसा चुकवला. हल्ली लोक दिसतील असे कपडेच घालत नाहीत. मी आरशात पाहिलं तर तो रस्त्याकडेला उभा राहून, स्वतःच्या जॅकेटकडे बोट दाखवत ओरडत होता. त्याला काय म्हणायचं होतं देव जाणे.

२३ एप्रिल

समिती येऊन गेली. अध्यक्ष बर्टी एलियट आणि इतर तिघं. आधी सगळे बोटीभोवती एक फेरी मारून आले. मग बर्टी म्हणाला, "वा. ताजी दिसते हं, मर्टल. अगदी ताजी." दुसरा म्हणाला, "आभाळात शोभेल." सगळ्यांनी केक दोनदा घेतला. मिसेस गॉल्ट काय म्हणाल्या ते मी सांगितलं, त्यावर बर्टीने खूप मान हलवली.

रात्री नीट झोप लागली नाही. मॅलकीने सांगितलं होतं अगदी तसंच सगळं झालं, केकसकट.

२ मे

धक्क्यावर हंसाची जोडी आली होती. लोण्याच्या रंगाची. आधी वाटलं, पाण्यात काहीतरी घाण सोडलीय. पण हंस दिवसभर स्वतःला धूत असतो. मग हा पिवळा कसा?

घरी आले आणि हे डोक्यातून जाईना. खिडकीच्या कट्ट्यावर एक एक वस्तू मांडली. बशीत मीठ. पेल्यात दूध. धक्क्यावरून उचललेलं हंसाचं पीस. उकडलेल्या अंड्याचा, बलक काढून, नुसता पांढरा भाग. रंगाच्या डब्याचं नवं झाकण, थेंब न टाकलेल्या रंगाचं. सगळंच पिवळं. कमीजास्त नव्हे, सारखंच पिवळं. दूधवाला, मिठाची कंपनी, रंगाची कंपनी, कोंबडी आणि हंस या सगळ्यांनी मिळून मला फसवायचं ठरवलं असेल, हे मलाही पटेना.

मग डावा डोळा झाकला. मीठ जरा उजळलं. उजवा झाकला, तर मीठ चहात बुडवल्यासारखं झालं. पुन्हा केलं. डावा, उजवा, डावा, उजवा. खरं सांगते, पहिली पाच मिनिटं मला गंमतच वाटली. एका डोक्यात दोन वेगवेगळी मिठं. मॅलकीला फोन करावासा वाटला.

मग तो सायकलवाला आठवला. तो जॅकेट का दाखवत होता ते कळलं. ते लांबून दिसावं म्हणून घालतात तसलं भडक पिवळं असणार, आणि मला दिसलंच नव्हतं. मी खुर्चीत बसले आणि बराच वेळ उठले नाही.

३ मे

बसने शहरात, एनिस्किलनला गेले. डोळे तपासणारी मुलगी चांगली होती. म्हणाली, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, डावा फार पिकलाय. डोळ्यातलं भिंग हळूहळू पिवळं पडतं, इतकं हळू की माणसाला कळत नाही. मी तिला पंधरा-वीस प्रश्न विचारले. शेवटी तिने मला भिंगाचं चित्र काढून दिलं.

"ऑपरेशन झालं की पूर्वीसारखं दिसेल?"

"पहिले काही दिवस जग निळं वाटेल. पण यादी लांब आहे, मिसेस बीकम. वर्ष तरी लागेल."

"आणि गाडी?"

तिने पेन खाली ठेवलं. "तुम्ही गाडीने आलात का आज?"

"नाही."

"मग तुम्हाला माहीत आहे."

परवाना साध्या पाकिटात घालून परत पाठवला. सही माझीच होती, म्हणून पत्रही मीच लिहिलं. दुकान इथून अडीच मैलांवर आहे.

रुथला फोन केला. "तुला दिसत होतं ना चादरींवरून?"

"आई, तुला वाईट वाटलं असतं."

"आणि त्या सायकलवाल्याच्या आईला?"

"कुठला सायकलवाला?" रुथने विचारलं. मग मी सगळं सांगितलं आणि दोघी रडलो. मला सगळ्यांचा राग आलाय. बर्टीचा, रुथचा, त्या केक खाणाऱ्यांचा. माझं मन सांभाळत होते म्हणे. माझं मन काही रस्त्यावर गाडी चालवत नव्हतं.

५ मे

खाडीला वळसा घालून मॅलकीकडे चालत गेले. दीड तास लागला. त्याने दार उघडलं आणि माझ्यामागे रस्त्याकडे बघितलं.

"गाडी कुठाय?"

"घरी. मॅलकी, बोट निळी आहे."

"दिसली तुला?"

"नाही. मला अजून पांढरीच दिसते. म्हणून तर आले."

तो दारात तसाच उभा राहिला. मी म्हटलं, माफी मागायला अडीच मैल चालले असं समज आणि मला आत घे, पायाचे तुकडे पडलेत. त्याने आत घेतलं. सूप गरम केलं. ब्रेडला लोणीही स्वतः लावून दिलं.

११ मे

गेले सहा दिवस असं चाललंय. ब्रश माझा, डोळे त्याचे. निळा थर घासून काढला आणि पहिल्यापासून सुरुवात केली. मी डब्यावर निळ्याची बाटली धरली, तर त्याने मनगट पकडलं.

"एकही नाही."

"एक लागतोच. माझ्या वडिलांची रीत होती ती."

"आजच्या रंगात कंपनीच टाकून देते."

"तुला कुणी सांगितलं?"

"डब्यावर लिहिलंय, मर्टल. बारीक अक्षरात."

बारीक अक्षराचा विषय मी वाढवला नाही. आज शेवटचा हात दिला. मला बोट पिवळी दिसते. सायीसारखी. मी ब्रश चालवत होते आणि प्रत्येक फटक्याला माझा जीव ओरडत होता की हे चूक आहे. तो बाजूला स्टुलावर बसून म्हणत होता, "बरोबर. बरोबर. चालू दे." बावन्न वर्षांत मी कधी कुणाला विचारलं नव्हतं की हा पांढरा आहे का. या सहा दिवसांत दोनशे वेळा तरी विचारलं.

१८ मे

सगळं सुरळीत झालं असं नाही.

खोली भरली होती. बोट काचेच्या पेटीत, पाठ करडी, बाकी अंग लोकांच्या म्हणण्याप्रमाणे पांढरं. लोक कौतुक करत होते आणि मी प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत होते, हा खरं बोलतोय की केक खातोय. मग मिसेस गॉल्टची चाकाची खुर्ची पुढे आणली. सगळे बाजूला सरले, कारण शेवटचा शब्द त्यांचा.

त्यांनी पेटीला नाक लावलं आणि बराच वेळ पाहिलं.

"ही ती नव्हे," त्या म्हणाल्या. "एप्रिलमध्ये तू मला शेपूट दाखवलंस ते बरोबर होतं. ही पिवळी पडलीय. कुणी घाण केली हिची?"

बर्टी एलियट लगेच पुढे सरसावला. "इथले दिवे तसे आहेत हो, मिसेस गॉल्ट. दिव्यांमुळे दिसतं तसं." मागच्या दोघांनी माना डोलावल्या. हो हो, दिवेच.

मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी फक्त हो म्हणायचं होतं. त्या शहाण्णव वर्षांच्या, कुठे गाडी चालवायची आहे त्यांना. मॅलकी दारापाशी टोपी हातात धरून उभा होता आणि खाली बघत होता.

मी खुर्चीपाशी गुडघ्यावर बसले. "दिवे चांगले आहेत. मलाही ही पिवळीच दिसते."

"मग?"

"बोट पांढरी आहे. पिवळं आपल्या डोळ्यांत आहे. तुमच्या आणि माझ्या. मोतीबिंदू आहे, काढता येतो."

बर्टी छताकडे बघायला लागला. मिसेस गॉल्टचा हात माझ्या मनगटावर होता आणि मला वाटलं, आता झिडकारतील. मी त्यांच्या जागी असते तर झिडकारलं असतं.

"मला कुणी सांगितलं नाही," त्या म्हणाल्या.

"मलाही नाही. एकाने सांगितलं, त्याला मी हाकलून दिलं."

त्यांनी पुन्हा बोटीकडे पाहिलं. मग खाली मान घालून स्वतःच्या अंगातल्या स्वेटरकडे पाहिलं, बाही चिमटीत धरून डोळ्यांजवळ नेली आणि लांब नेली.

"म्हणजे हा कुठल्या रंगाचा आहे, पोरी? मी आजसाठी मुद्दाम पांढरा म्हणून घातला."

मला तो पांढरा शुभ्र दिसत होता. "थांबा हं," मी म्हटलं आणि मॅलकीला हाक मारली.